वनगणनेच्या आकड्यांवरून जंगलाच्या अधिवासाची स्थिती कशी ठरवावी

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. सिंधुदुर्ग आणि कोल्हापूर जिल्ह्यांतील घाटमाथ्यावरच्या निमसदाहरित (काही झाडे बारमाही हिरवी तर काही पानझडी असलेल्या) जंगलाच्या संवर्धनस्थितीचा अहवाल आपल्याला तयार करायचा आहे. कार्य आयोजनेसाठी, म्हणजे वनविभागाच्या जंगल व्यवस्थापनाच्या आराखड्यासाठी, मोजलेल्या नमुना-भूखंडांची माहिती आपल्या हाती आली आहे. युरोपीय देश अशाच माहितीवरून आपल्या वनाधिवासांची स्थिती ठरवतात असे आपण वाचले आहे, आणि तसे आपल्याकडे करता येईल का हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे. करता येईल, असे माझे उत्तर आहे. मात्र ही माहिती दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी गोळा झाली होती, आणि त्याचे परिणाम कामाच्या प्रत्येक टप्प्यावर भोवतात. कार्य आयोजनांच्या सर्वेक्षणांत आणि नंतर त्याच आकड्यांच्या विश्लेषणात मी बरीच वर्षे घालवली आहेत. त्या अनुभवावरून, माझ्या हातून झालेल्या एका चुकीसह, जे सांगता येईल ते सविस्तर लिहितो.

देशभरच्या जंगलाची नमुना-पद्धतीने मोजणी करण्याची प्रथा, म्हणजे वनगणना, उत्तर युरोपात सुरू झाली. नॉर्वेने १९१९ मध्ये, फिनलंडने १९२१ मध्ये आणि स्वीडनने १९२३ मध्ये ती हाती घेतली, आणि तोड अशीच चालू राहिली तर लाकूड पुरेल का, ही तिच्यामागची मुख्य चिंता होती. आपल्याकडे लाकडावर आधारलेल्या उद्योगांना कच्चा माल कोठे व किती मिळेल हे पाहण्यासाठी १९६५ मध्ये वनसंपदेचे गुंतवणूकपूर्व सर्वेक्षण सुरू झाले, आणि १ जून १९८१ रोजी त्यातूनच डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था उभी राहिली. कार्य आयोजनांची परंपरा याहून बरीच जुनी आहे. पण कूपातून, म्हणजे तोडीसाठी आखलेल्या पट्ट्यातून, किती माल निघेल हाच तिचाही दीर्घकाळ मुख्य विषय होता. त्यामुळे जुन्या नोंदवह्यांत साग, शिसव, ऐन, खैर यांचे घेर काटेकोर मोजलेले आढळतात आणि बाकीची झाडे ‘आडजात’ किंवा ‘इतर’ या एका रकान्यात जमा झालेली दिसतात. घाटमाथ्याचे जंगल ज्या अंजनी, पिसा, जांभूळ, गेळा अशा झाडांवरून ओळखले जाते, त्यांतील कित्येक नेमकी याच रकान्यात हरवतात. म्हणून तक्ते हाती येताच ‘इतर’ या रकान्यातील खोडांचे प्रमाण काढा. ते एक-पंचमांशाच्या वर गेले, तर त्या भूखंडांवरून प्रजाती-रचनेबद्दल काहीही लिहायचे नाही, केवळ खोडांच्या जाडीबद्दल आणि छत्राबद्दल (झाडांच्या शेंड्यांच्या आच्छादनाबद्दल) लिहायचे, हा मी स्वतःसाठी घालून घेतलेला दंडक आहे. झाडांची स्थानिक नावे तालुक्यागणिक बदलतात, हेही विसरू नका. वनरक्षकाने लिहिलेले ‘रानजांभूळ’ नेमके कोणते झाड हे त्या नियतक्षेत्रात (वनरक्षकाच्या हद्दीत) जाऊन, फांदी हातात घेऊनच ठरते.

आता युरोपाच्या पद्धतीकडे वळू, कारण विचार नीट बांधण्यासाठी ती खरोखर उपयोगी आहे. युरोपीय संघाच्या १९९२ च्या अधिवास निर्देशाच्या सतराव्या कलमानुसार प्रत्येक सदस्य देशाला दर सहा वर्षांनी प्रत्येक अधिवास-प्रकाराची स्थिती कळवावी लागते, आणि तीही देशाच्या सरासरीने चालत नाही. ती जैवभौगोलिक प्रदेशानुसार स्वतंत्रपणे द्यावी लागते. पाहायच्या गोष्टी चार आहेत : अधिवासाचा विस्तार, म्हणजे तो कोठून कोठपर्यंत आढळतो; त्याने प्रत्यक्ष व्यापलेले क्षेत्र; त्याची रचना व कार्ये; आणि पुढील काळातील भवितव्य. प्रत्येकीला हिरवा, पिवळा किंवा लाल शेरा मिळतो, माहितीच नसेल तर ‘अज्ञात’ असे लिहिले जाते, आणि चारांपैकी एक जरी लाल असली तरी एकूण निकाल लालच ठरतो. हा नियम कठोर वाटतो, पण मला तो योग्य वाटतो. क्षेत्र टिकून आहे एवढ्यावर आतून पोखरलेल्या जंगलाला चांगले म्हणण्याची पळवाट त्यामुळे बंद होते. २०१३ ते २०१८ या काळाच्या अहवालात युरोपीय संघातील सर्व प्रकारच्या अधिवासांच्या मूल्यमापनांपैकी केवळ १५ टक्के ‘चांगले’ ठरले आणि ८१ टक्के प्रतिकूल निघाले, यावरून ही मोजपट्टी किती सक्त आहे हे ध्यानात येईल.

या चारांपैकी क्षेत्र आणि रचना यांना वनगणना थेट मदत करते. विस्तारासाठी ती थोडीफार उपयोगी पडते, आणि भवितव्यासाठी आग, चराई, तण, पुनरुत्पादन यांच्या नोंदी कामी येतात. भारतीय वन सर्वेक्षणाच्या क्षेत्रीय प्रपत्रात या नोंदी असतात आणि त्यांचा उपयोग मी पाहिलेल्या अहवालांत फार कमी झालेला आहे.

क्षेत्राच्या बाबतीत सर्वांत मोठा घोटाळा ‘वनावरण’ या शब्दाने होतो. एक हेक्टरपेक्षा मोठी आणि दहा टक्क्यांहून अधिक छत्र असलेली कोणतीही जमीन, तिची मालकी आणि तिच्यावरील झाडांची जात काहीही असो, अधिकृत व्याख्येनुसार वनावरणात धरली जाते. म्हणजे सिंधुदुर्गातील काजूची जुनी बाग, दोडामार्गकडील रबराची लागवड, ऑस्ट्रेलियन अकेशियाचे रोपवन आणि अंजनी-जांभळाचे घनदाट रान हे सारे त्या आकड्यात एकाच मापाने मोजले जाते. महाराष्ट्राचे वनावरण २०१९ च्या अहवालात ५०,७७८ चौरस किलोमीटर होते आणि २०२१ च्या अहवालात ५०,७९८ चौरस किलोमीटर. या वीस चौरस किलोमीटरच्या वाढीवरून निमसदाहरित अधिवास वाढला, घटला की तसाच राहिला यांपैकी काहीच सांगता येत नाही. एकीकडे देवराईची कड तुटून दुसरीकडे तेवढीच बाग उभी राहिली, तरी हा आकडा जागचा हलणार नाही. उलट बाजूही सांगायला हवी. घाटमाथ्यावरचे कातळसडे, म्हणजे उघड्या खडकाची पठारे, वनगणनेत केवळ ‘झाडे नसलेली जमीन’ म्हणून येतात, आणि त्या रिकाम्या रकान्याकडे पाहून कोणाला तेथे रोपवन करावेसे वाटले तर तो एका वेगळ्याच अनमोल अधिवासाचा नाश ठरेल. आपल्या अहवालात सड्यांचे क्षेत्र ‘विरळ जंगल’ या सदरात चुकूनही जाऊ देऊ नका.

तेव्हा पहिले खरे काम म्हणजे प्रत्येक भूखंडाला अधिवासाचा प्रकार देणे. आपल्याकडे चॅम्पियन आणि सेठ यांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध केलेले वर्गीकरण आजही आधारभूत आहे. त्यात देशातील जंगलांचे सोळा मुख्य गट आहेत, आणि महाबळेश्वरच्या परिसरासारखे उंचावरचे जंगल त्यात खालच्या निमसदाहरित जंगलाहून वेगळ्या गटात, उपोष्ण रुंदपर्णी डोंगरी जंगलात, मोडते. आपल्यापैकी काही भूखंड एक हजार मीटर उंचीच्या आसपास किंवा वर असतील, तर ते निमसदाहरित गटात सरसकट मिसळू नका.

हा प्रकार कशाच्या आधाराने द्यायचा, या प्रश्नात एक सापळा आहे, आणि तो नीट समजावून सांगणे मला अत्यंत आवश्यक वाटते. समजा, आज भूखंडावर जी झाडे उभी आहेत त्यांवरूनच आपण प्रकार ठरवला. एखादे निमसदाहरित जंगल वारंवार तोडले गेले, राबासाठी (शेतात भाजण्याच्या फांद्या-पाल्यासाठी) छाटले गेले, उन्हाळ्यात जळत राहिले, की त्यातील सदाहरित जाती मागे हटतात आणि ऐन, किंजळ, नाणा अशी पानझडी झाडे वरचढ होतात. आज मोजणाऱ्याला तेथे ओलसर पानझडी जंगल दिसते आणि तो तसे लिहितो. म्हणजे जो भूखंड बिघडला तो आपल्या यादीतून बाहेर पडला, आणि यादीत उरले ते न बिघडलेलेच. अशा रीतीने स्थिती कितीही खालावली तरी ‘निमसदाहरित’ भूखंडांची रचना कायम उत्तम दिसत राहते. आकड्यांत कोठेही चूक नसते आणि निष्कर्ष मात्र सपशेल चुकीचा असतो.

यावर उपाय म्हणजे प्रत्येक भूखंडासाठी दोन नोंदी ठेवणे : जमीन, उंची, पाऊस, उताराची दिशा आणि शिल्लक राहिलेल्या खुणा यांवरून तेथे स्वाभाविकपणे कोणते जंगल असायला हवे ही एक, आणि आज तेथे काय आहे ही दुसरी. जर्मनीच्या राष्ट्रीय वनगणनेत प्रत्येक बिंदूसाठी तेथील स्वाभाविक वनसमाज कोणता, याचीही नोंद ठेवलेली असते, आणि आजच्या जंगलाची त्याच्याशी तुलना केली जाते. मला त्यांची ही शिस्त सर्वांत अनुकरणीय वाटते. आपल्याकडे स्वाभाविक प्रकार ठरवण्यासाठी पाँडिचेरीच्या फ्रेंच संस्थेने केलेले पश्चिम घाटाचे वनस्पती-नकाशे उपयोगी पडतात, कारण ते पाऊस, कोरड्या महिन्यांची संख्या आणि उंची यांचा विचार करून आखलेले आहेत. परंतु अडीच लाखांस एक या प्रमाणाच्या नकाशावरून भूखंडाचा शेवटचा निर्णय करू नये. ओढ्याकाठची चिंचोळी पट्टी आणि तिच्या शेजारचा उघडा दांड त्या नकाशावर एकाच रंगात असतात, आणि जमिनीवर त्यांच्यात जमीनअस्मानाचे अंतर असते.

आता रचनेकडे येतो, कारण माझी चूक येथेच झाली होती. बऱ्याच वर्षांपूर्वी एका डोंगराळ वनक्षेत्राच्या भूखंडांवरून मी स्थितीचा तक्ता तयार केला. भूखंड नेहमीचे होते, म्हणजे ३१.६२ मीटर बाजूचे चौरस, क्षेत्र ०.१ हेक्टर. जुन्या, जाड झाडांचे महत्त्व मला पटलेले होते. धनेशाला घरट्यासाठी बेहडा, सातवीण, आंबा यांसारख्या थोराड झाडांतल्या ढोल्या लागतात, आणि अशी झाडे नसलेले रान हिरवेगार दिसले तरी त्याच्यासाठी निकामी असते. म्हणून मी नियम केला की ज्या भूखंडात एकही मोठे झाड नाही तो ‘प्रतिकूल’. बहुतांश भूखंड प्रतिकूल निघाले आणि जंगल पुरते खालावले आहे असे मी लिहून दिले. प्रत्यक्षात त्या रानात मोठी झाडे चांगली टिकून होती.

चूक गणिताची होती. हेक्टरी पाच मोठी झाडे असलेले रान घ्या. ०.१ हेक्टरच्या भूखंडात सरासरी अर्धे झाड पडते, आणि झाडे यदृच्छेने विखुरलेली धरली तर शंभरांपैकी सुमारे साठ भूखंडांत एकही मोठे झाड येणार नाही. ती पुंजक्यांनी उभी असतील, आणि सह्याद्रीच्या दऱ्यांत ती बहुधा तशीच असतात, तर रिकाम्या भूखंडांची संख्या आणखी वाढेल. म्हणजे माझा तक्ता भूखंडाचा आकार मोजत होता, जंगलाची स्थिती मोजत नव्हता. तेच भूखंड दहा-दहाच्या गटांत एकत्र केले, की प्रत्येक गट एक हेक्टरचा होतो, पाच मोठी झाडे अपेक्षित असतात आणि एकही न सापडण्याची शक्यता शंभरात एकाहून कमी उरते. तेव्हा विरळ असणाऱ्या गोष्टी, जसे की थोराड झाडे, उभे वाळलेले खोड, ढोल्या, यांचा निवाडा एकेका भूखंडावर करू नये. तो संपूर्ण स्तराच्या (एकसारख्या भूखंडांच्या विभागाच्या) किंवा गटाच्या घनतेवर करावा. एकेका भूखंडावर निवाडा करायचा तर ज्या गोष्टी तेवढ्या जागेत हमखास दिसतात त्यांवर करावा : छत्राची घनता, छत्राचे थर, सदाहरित जातींचा वाटा, रोपट्यांची संख्या, रानमोडी व घाणेरीचा फैलाव.

हीच अडचण भारतीय वन सर्वेक्षणाच्या नव्या रचनेतही आहे. २०१६ पासून देशावर ५ किलोमीटर बाय ५ किलोमीटरची जाळी टाकून, दरवर्षी एक-पंचमांश चौकटी घेऊन, पाच वर्षांत फेरी पूर्ण करण्याची पद्धत सुरू झाली. त्यात ८ मीटर त्रिज्येच्या चार वर्तुळांचा समूह मोजला जातो, म्हणजे चारही मिळून सुमारे ०.०८ हेक्टर. जर्मनीत या कामासाठी कोन-गणनेची पद्धत वापरतात. ऑस्ट्रियाचे वनशास्त्रज्ञ वाल्टर बिटरलिख यांनी ती रूढ केली. तिच्यात झाड जितके जाड तितक्या लांबूनही ते मोजणीत येते. तेथे वापरल्या जाणाऱ्या गुणकानुसार ४० सेंटिमीटर व्यासाचे झाड दहा मीटरच्या आत असावे लागते, तर ८० सेंटिमीटरचे झाड वीस मीटरपर्यंत मोजले जाते. थोराड झाडांचा अंदाज त्यामुळे अधिक नेमका येतो. आपले भूखंड निश्चित क्षेत्राचे असल्याने आपल्याला हा लाभ नाही, आणि म्हणून एकत्रीकरण अटळ आहे. नव्याने मोजणी करण्याची संधी मिळालीच, तर त्याच मध्यबिंदूभोवती मोठ्या त्रिज्येचे एक वर्तुळ आखून त्यात फक्त जाड झाडे मोजा. दोन माणसांचे काम थोडेच वाढते आणि माहिती कित्येक पटींनी सुधारते.

जाडीच्या वर्गवारीचा आलेख सर्वजण काढतात, तोही काढा. बारीक खोडे पुष्कळ आणि जाड होत जाताना संख्या उतरत जाणारी, असा आलेख निरोगी मिश्रवयीन जंगलाचा मानला जातो. पण हा आलेख एकत्रित काढल्यास फसवतो. फुटव्यांनी भरलेल्या, राबासाठी छाटलेल्या रानातही बारीक खोडांचा भरणा असल्यामुळे आलेख सुंदर दिसतो. म्हणून खोड बियाण्यापासून आले की फुटव्यातून, ही नोंद असेल तर ती वेगळी काढा, आणि आलेख जातीवार मांडा. मांडल्यावर अनेक ठिकाणी असे दिसेल की बेहड्याची, आंब्याची जुनी झाडे आहेत आणि त्यांची मधली पिढीच नाही. त्या जंगलाची आजची रचना चांगली आणि भवितव्य वाईट असा शेरा द्यावा लागतो, आणि चार बाजूंनी निवाडा करण्याच्या पद्धतीचा उपयोग येथेच होतो. शेकरूसाठी छत्राची सलगता महत्त्वाची असते. ती केवळ एका भूखंडाच्या घनतेवरून कळत नाही, त्यासाठी उपग्रहचित्र जोडून घ्यावे लागेल.

वाळलेल्या लाकडाबद्दल एक इशारा. युरोपात हेक्टरी मृत लाकडाचे घनफळ हा रचनेचा प्रमुख निर्देशक मानतात, कारण भुंगेरे, बुरशी, सुतार पक्षी यांचे जीवन त्यावर अवलंबून असते. जर्मनीच्या गणनेत ते २०१२ मध्ये हेक्टरी २०.६ घनमीटर होते आणि २०२२ मध्ये २९.४ घनमीटर झाले. कागदावर ही सुधारणा आहे. पण त्या वाढीचा मोठा भाग २०१८ पासूनच्या दुष्काळांत आणि खोडकिड्यांच्या उद्रेकात मेलेल्या स्प्रूसच्या झाडांमुळे आला. निर्देशक वाढला म्हणजे अधिवास सुधारला, असे कारण तपासल्याशिवाय लिहिता येत नाही. आपल्याकडे तर जळणासाठी वाळके लाकूड गोळा करणे हा गावांच्या जगण्याचा भाग आहे, शिवाय आपल्या उष्ण व दमट हवेत वाळवीमुळे लाकूड लवकर संपते. म्हणून युरोपातील उंबरठा जसाच्या तसा आणू नका. गावापासूनच्या अंतरानुसार मृत लाकूड कसे बदलते, एवढेच पाहा.

अनिश्चिततेचा भाग अहवालांत बहुधा शेवटच्या परिशिष्टात ढकलला जातो. माझ्या मते तो पहिल्या पानावर असायला हवा. युरोपीय नियमावलीत अधिवासाच्या २५ टक्क्यांहून अधिक क्षेत्राची रचना प्रतिकूल असेल तर लाल शेरा द्यावा असा सर्वसाधारण संकेत आहे. समजा, आपल्याकडे साठ भूखंड आहेत आणि त्यांतील अठरा, म्हणजे ३० टक्के, प्रतिकूल निघाले. साध्या हिशेबाने या ३० टक्क्यांभोवती ९५ टक्के विश्वासाची मर्यादा, म्हणजे खरे प्रमाण बहुधा ज्या दरम्यान असेल तो पल्ला, सुमारे १८ ते ४२ टक्के अशी येते. २५ टक्क्यांचा उंबरठा या दोहोंच्या दरम्यान आहे, म्हणजे लाल की पिवळा हे साठ भूखंडांवरून सांगता येत नाही. भूखंड चौपट करून दोनशे चाळीस घेतले आणि प्रमाण तेच राहिले, तरी मर्यादा सुमारे २४ ते ३६ टक्के येते, म्हणजे अजूनही निर्णय पूर्ण सुटत नाही. अशा वेळी ‘स्थिती निश्चित सांगता येत नाही, पण प्रतिकूलतेकडे कल आहे’ असे स्पष्ट लिहिण्यात कमीपणा नाही. उलट, ३० हा आकडा २५ हून मोठा आहे एवढ्यावर लाल शेरा मारला, आणि पुढच्या फेरीत केवळ नमुन्याच्या चढउताराने तो २३ आला, तर ‘पाच वर्षांत जंगल सुधारले’ अशी बातमी होते आणि संरक्षणाचा आग्रह ढिला पडतो. समूहातील चार वर्तुळे चार स्वतंत्र भूखंड म्हणून मोजण्याची चूकही फार ठिकाणी दिसते. ती एकमेकांजवळ असल्याने एकमेकांसारखी असतात. समूह हाच एक नमुना धरावा.

यातूनच पुढचा मुद्दा निघतो. पाच किलोमीटरच्या जाळीत एक बिंदू २,५०० हेक्टरांचे प्रतिनिधित्व करतो. दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्डे येथे रानजायफळाची दलदल आहे, जिला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला आहे. तिचे क्षेत्र सुमारे अडीच हेक्टर आहे. जाळीचा बिंदू तिच्यात पडण्याची शक्यता हजारात एक. गोव्यात सत्तरीच्या निरंकाराच्या राईतील दलदलीचीही तीच गत. वनगणनेत असा अधिवास आढळला नाही याचा अर्थ तो नाही असा कधीही होत नाही, आणि एखादा बिंदू योगायोगाने त्यात पडलाच तर एका बिंदूवरून अडीच हजार हेक्टर दलदल आहे असा हास्यास्पद अंदाज निघेल. जर्मनीतही बीचची विस्तीर्ण जंगले गणनेच्या जाळीत पुरेशी सापडतात, पण दलदलीतील किंवा कड्याखालच्या दुर्मिळ जंगलांसाठी वेगळे सर्वेक्षण करावेच लागते. तेव्हा दलदली, ओढ्याकाठच्या पट्ट्या, देवराया यांची स्वतंत्र यादी करा, प्रत्येक जागा पायी पाहा, आणि तिचा निवाडा गणनेच्या आकड्यांत मिसळू नका. या जागांची काळजी मला सर्वांत अधिक वाटते, कारण त्या कोणत्याही सरासरीत दिसत नाहीत आणि एका रस्त्याने किंवा एका विहिरीच्या उपशाने संपू शकतात.

काळानुसार तुलना करताना मोजणीची पद्धत तीच आहे का हे आधी तपासा. २००२ नंतरच्या जिल्हानिहाय पद्धतीत दर दोन वर्षांनी निवडक साठ जिल्हे मोजले जात. २०१६ नंतर जाळी आली. या दोहोंतील आकड्यांची वजाबाकी करून ‘बदल’ काढता येत नाही. कार्य आयोजनेच्या भूखंडांचेही तसेच. मागच्या आयोजनेतील भूखंड आणि आताचे भूखंड एकाच जागी नसतील तर बदलाच्या अंदाजातील चूक दोन्ही वेळच्या चुकांहून मोठी होते. एकाच जागी परत मोजलेले थोडे भूखंड नव्या जागी मोजलेल्या पुष्कळ भूखंडांपेक्षा बदलाबद्दल अधिक सांगतात. राष्ट्रीय कार्य आयोजना संहिता २०१४ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये सुधारून आली, तेव्हा आपल्या विभागाची आयोजना कोणत्या संहितेनुसार झाली हे पहिल्या प्रकरणातच शोधून ठेवा.

‘चांगली स्थिती’ म्हणजे कशाच्या तुलनेत चांगली, हा प्रश्न आकडे उघडण्यापूर्वी सोडवायचा असतो. आकडे पाहिल्यावर उंबरठा ठरवला, तर तो नकळत आपल्या अपेक्षेकडे सरकतो. संदर्भासाठी बहुतेक जण देवरायांकडे पाहतात. त्यांची थोराड झाडे पाहता हे स्वाभाविक आहे, परंतु बहुतेक देवराया लहान आहेत, त्यांच्या कडांना वारा, ऊन आणि गुरे लागतात, आणि त्या बहुधा पाण्याजवळच्या चांगल्या जागी राखल्या गेल्या आहेत. उघड्या दांडावरच्या जंगलाला त्यांचे माप लावणे अन्याय ठरेल. राधानगरी, कोयना आणि चांदोलीची संरक्षित क्षेत्रे जोडीला घ्या, पण तेथेही पुनर्वसित गावांच्या जुन्या शेतांवर नव्याने उगवलेले रान आणि पूर्वीपासूनचे रान वेगळे ठेवा. मी स्वतः उतार, उंची आणि पाऊस सारखे असलेले सर्वांत कमी त्रास झालेले भूखंड निवडतो, आणि त्यांच्या सर्वोत्तम मूल्याऐवजी मधल्या मूल्याला संदर्भ मानतो.

भूखंडांचे नेमके अक्षांश-रेखांश आपल्याला मिळाले नसतील तर नाराज होऊ नका. अमेरिकेसह अनेक देश ते उघड करीत नाहीत, कारण जागा माहीत झाली की तेथील जंगलाला वेगळी वागणूक मिळू लागते आणि नमुना प्रातिनिधिक राहत नाही. अंदाजे स्थानावर उपग्रहचित्र जोडण्याचा मोह मात्र टाळा. त्याऐवजी उंची, पर्जन्य, वनप्रकार, गावापासूनचे अंतर असे जे माहितीचे थर आपल्याला हवेत त्यांची यादी वनविभागाला द्या आणि ती मूल्ये भूखंडनिहाय जोडून, स्थान वगळून, मागून घ्या.

कामाचा क्रम विचाराल तर प्रथम ‘इतर’ या रकान्याची तपासणी, मग स्वाभाविक प्रकाराची नोंद, मग उंबरठे लिहून ठेवणे, आणि त्यानंतरच विश्लेषण. दिवाळीनंतर, ओढ्यांना पाणी असताना आणि गवत वाळू लागण्यापूर्वी, आपल्या यादीतील निदान तीस भूखंडांच्या परिसरात स्वतः जाऊन या. सोबत त्या नियतक्षेत्राचा वनरक्षक आणि झाडे ओळखणारी गावातील एखादी वयस्क व्यक्ती असू द्या, आणि तक्त्यात ‘इतर’ लिहिलेल्या झाडांपासून सुरुवात करा.